भिंगांचा कारागीर : योसेफ फ्राउनहोफर

इ. स. १८०१ च्या जुलै महिन्यातील २१ तारीख. जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या राजधानीत, म्युनिक शहरात, एका अरुंद गल्लीतले जुने घर एकाएकी कोसळले. त्या घरात आरसे बनविण्याचा व काच कापण्याचा कारखाना होता. आवाज ऐकून शेजारीपाजारी धावून आले. परंतु घराच्या जागी तुळया, विटा व माती यांचा ढिगारा तेवढा उरला होता. कारखानदाराची पत्नी त्या ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावली. काम शिकण्यासाठी ठेवलेला चौदा वर्षांचा एक मुलगाही आत गाडला गेला होता. तो जिवंत आहे असे कळताच लोकांनी मोठ्या सावधगिरीने ढिगारा उपसण्यास प्रारंभ केला. एखादी तुळई चुकीची हलली असती, तर वरचा सारा भार त्याच्या अंगावर आला असता. बव्हेरियाचा अधिपती मॅक्सिमिलियन योसेफ हा स्वतः त्या जागी येऊन उभा राहिला. कित्येक तासांच्या खटपटीनंतर मुलास बाहेर काढण्यात आले. त्याचे प्राण वाचले होते.

या मुलाचे नाव योसेफ फ्राउनहोफर. प्रकाश काचेत शिरला म्हणजे नेमका किती वाकतो, हे अचूक मोजण्याची रीत पुढे याच मुलाने जगाला दिली.

योसेफचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी डॅन्यूब नदीच्या काठी वसलेल्या श्ट्राउबिंग या गावी झाला. त्याचे वडील काचकाम करणारे कारागीर होते. लोकांच्या खिडक्यांना ते काचा बसवीत. त्यांच्या अकरा अपत्यांपैकी योसेफ सर्वांत धाकटा. मिळकत बेताची, त्यामुळे योसेफ लहानपणापासूनच वडिलांच्या हाताखाली काम करू लागला. शाळेत जाणे झाले ते थोडेच. तो दहा वर्षांचा असताना आई वारली आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. पालकांनी त्याला प्रथम एका कातारी कारागिराकडे ठेवले. पण त्या कष्टाच्या कामाला त्याची नाजूक प्रकृती पुरी पडेना. मग १७९९ साली त्याला म्युनिकला वाइक्सेलबर्गर नावाच्या कारागिराकडे पाठविण्यात आले. हा राजदरबारासाठी आरसे करी. उमेदवारीची मुदत सहा वर्षांची होती आणि त्या काळात वेतन मुळीच मिळावयाचे नव्हते. कामकरी मुलांसाठी म्युनिकमध्ये सुटीच्या दिवशी भरणारी शाळा होती. परंतु तेथे जाण्यास मालक त्याला मोकळीक देत नसे. पुस्तके वाचण्यासही मज्जाव होता. आपला उमेदवार चार बुके शिकला तर कामातून जाईल, अशी भीती त्या काळच्या पुष्कळ कारखानदारांना वाटे, आणि हा गृहस्थ त्यांहून निराळा नव्हता.

घर कोसळले आणि या बंद दाराला फट पडली. मॅक्सिमिलियन योसेफ याने त्या अनाथ मुलाला आपल्या राजवाड्यात बोलावून नेले व १८ सुवर्णनाणी बक्षीस दिली. ज्याने आजवर पैशाचे तोंड पाहिले नव्हते, त्याच्या हाती एवढे धन आले. त्याने त्याचे काय करावे? नवे कपडे, गोडधोड, गावी एखादी फेरी, असे काहीही त्याने केले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. योसेफने काच कापण्याचे एक यंत्र विकत घेतले आणि उरलेल्या पैशाचा काही भाग मालकाला देऊन उमेदवारीच्या शेवटच्या काही महिन्यांतून सुटका करून घेतली. अपघाताच्या जागी आणखी एक मनुष्य हजर होता. त्याचे नाव उत्श्नायडर. हा राज्यातील मोठा अधिकारी आणि उद्योजक होता. योसेफची जिज्ञासा पाहून त्याने त्याला गणिताची व प्रकाशशास्त्राची पुस्तके आणून दिली. दिवसा काचकाम आणि रात्री गणित, असा योसेफचा क्रम सुरू झाला. मध्यंतरी नावाची कार्डे कोरून देण्याचा स्वतंत्र धंदा त्याने काढून पाहिला. पण तो चालला नाही, आणि त्याला पोटासाठी पुन्हा जुन्या मालकाकडेच मजुरीवर जावे लागले.

येथे योसेफची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू आणि भिंग म्हणजे काय ते पाहू. कारण त्यावाचून त्याच्या पुढच्या कार्याची थोरवी कळणार नाही.

पाण्याच्या पेल्यात तिरकी बुडविलेली काठी पृष्ठभागापाशी मोडल्यासारखी दिसते, हे तुम्ही पाहिले असेल. पितळेच्या वाटीत एक नाणे ठेवा आणि वाटीच्या काठाआड ते नेमके दिसेनासे होईल इतके मागे सरा. आता मान न हलविता दुसऱ्याकडून वाटीत हळूहळू पाणी ओतवा. नाणे जागचे न हलताही तुम्हाला दिसू लागेल. नाण्यापासून निघालेला प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकला आणि काठावरून तुमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचला. प्रकाशाच्या या वाकण्याला वक्रीभवन म्हणतात.

प्रकाश वाकतो तरी का? हवेत त्याचा वेग अधिक असतो, पाण्यात व काचेत तो कमी होतो. बैलगाडी कठीण रस्त्यावरून तिरकी चिखलात उतरू लागली, की चिखलात आधी शिरलेले चाक मंदावते. दुसरे चाक अजून कठीण जमिनीवर वेगाने चालत असते. साहजिकच गाडीचे तोंड वळते. गाडी सरळ समोरून चिखलात शिरली, तर दोन्ही चाके एकदम मंदावतात आणि गाडी वळत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. तो तिरका शिरला तरच वाकतो. हवेतील वेग हा पाण्यातील वेगाच्या सुमारे १.३३ पट व साध्या काचेतील वेगाच्या सुमारे १.५ पट असतो. या आकड्याला त्या पदार्थाचा वक्रीभवनांक म्हणतात. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश अधिक वाकतो.

भिंग करणारा कारागीर याच गुणाचा उपयोग करून घेतो. मध्ये जाड आणि कडांना पातळ अशी काच घासली, की ते बहिर्गोल भिंग झाले. त्याच्या अगदी मधून जाणारा किरण सरळ जातो. मध्यापासून जसजसे दूर जावे तसतसा काचेचा उतार वाढत जातो आणि किरण अधिकाधिक आत वाकतात. त्यामुळे सर्व किरण पलीकडे एकाच ठिकाणी, नाभीपाशी, जमतात. उन्हात भिंग धरून कागद पेटविता येतो तो यामुळेच. याच्या उलट, मध्ये पातळ व कडांना जाड असे अंतर्गोल भिंग किरणांना एकमेकांपासून दूर पसरविते.

पण यात एक अडचण असते. पांढरा प्रकाश हा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अनेक रंगांचा मिळून झालेला असतो आणि काचेत शिरल्यावर प्रत्येक रंग निरनिराळ्या मापाने वाकतो. तांबडा सर्वांत कमी, जांभळा सर्वांत अधिक. म्हणून एका भिंगाच्या दुर्बिणीत ताऱ्याभोवती रंगीत झालर दिसते आणि प्रतिमा स्पष्ट उमटत नाही. हा दोष नाहीसा करता येणार नाही असे न्यूटनसारख्या महापंडितालाही वाटले होते, आणि म्हणून त्याने भिंगाऐवजी आरशाची दुर्बीण बनविली. पुढे इंग्लंडमधील कारागिरांनी यावर तोड काढली. क्राउन नावाच्या साध्या काचेचे बहिर्गोल भिंग आणि शिसे घातलेल्या फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग त्यांनी एकत्र जोडले. फ्लिंट काच रंग अधिक फाकविते. त्यामुळे पहिल्या भिंगाने फाकलेले रंग दुसरे भिंग पुन्हा एकत्र आणते, आणि तरीही किरण नाभीपाशी जमण्याइतके वाकलेले राहतात. १७५८ साली जॉन डॉलंड याने अशा जोडभिंगाचे एकस्व मिळविले. मात्र दोन्ही भिंगांचा बाक किती ठेवावा, हे बहुतांशी अंदाजाने ठरविले जाई. जमले तर जमले, नाही तर काच पुन्हा घासावयाची.

आता पुन्हा म्युनिककडे वळू. तेथे १८०४ साली उत्श्नायडर, रायशेनबाख व लीब्हेर यांनी जमिनीच्या मोजणीची उपकरणे बनविणारी एक संस्था काढली होती. सबंध बव्हेरियाचे नकाशे तयार करावयाचे होते आणि त्यासाठी उत्तम दुर्बिणी बसविलेली कोनमापक यंत्रे हवी होती. परंतु भिंगांची चांगली काच येई ती इंग्लंडमधून, आणि युरोपात तर नेपोलियनची युद्धे पेटलेली. १८०६ साली नेपोलियनने इंग्लंडशी होणारा व्यापारच बंद पाडला. काच घरीच करण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याच वर्षी १९ वर्षांचा फ्राउनहोफर या संस्थेत कामाला लागला.

काचेच्या भट्ट्या बेनेडिक्टबॉयर्न या गावी होत्या. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेला तेथील जुना मठ बंद झाल्यावर उत्श्नायडरने तो विकत घेतला होता, कारण आसपास जळणासाठी लाकूड विपुल होते. गिनाँ नावाचा एक स्विस कारागीर तेथे काच वितळवीत असे. साखरेचा पाक पाण्यात ओतला, की पाण्यात हलणाऱ्या रेषा दिसतात. तशाच रेषा काचेतही राहून जातात. फ्लिंट काचेतील शिसे जड, म्हणून ते मुशीच्या तळाशी बसू पाहते आणि खालची काच वरच्या काचेहून निराळी होते. अशा काचेतून जाणारा किरण जागोजागी वेगवेगळा वाकणार, मग भिंग कितीही चांगले घासले तरी काय उपयोग? वितळलेली काच मातीच्या भाजलेल्या दांड्याने सतत ढवळत राहावी, ही युक्ती गिनाँने शोधून काढली होती. फ्राउनहोफर ती शिकला आणि मग स्वतः प्रयोग करू लागला. मिश्रण, उष्णता, ढवळण्याचा वेळ, निवविण्याची गती यांत थोडथोडा बदल करावयाचा आणि प्रत्येक वेळी काय घडले ते पाहावयाचे. गिनाँ अनुभवी होता. परंतु फ्राउनहोफरपाशी अनुभवाबरोबर गणितही होते. १८०९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, भिंगांच्या सर्व कामाची जबाबदारी त्याच्यावर सोपविण्यात आली.

काच निर्मळ झाली, तरी दुसरा प्रश्न उरलाच. जोडभिंगाचा बाक गणिताने ठरवावयाचा, तर दोन्ही काचांत प्रत्येक रंग किती वाकतो ते अचूक कळावयास हवे. मोजावयाचे कोठून? लोलकातून पडलेल्या वर्णपटात तांबडा संपून नारिंगी कोठे सुरू होतो, हे कोण सांगेल? रंग एकमेकांत मिसळून गेलेले असतात. एकाने एका ठिकाणी बोट ठेवावे, दुसऱ्याने दुसऱ्या. ज्या रस्त्यावर मैलाचे दगड नाहीत, त्यावरील अंतर सांगावे तरी कसे?

दिव्याच्या ज्योतीकडे लोलकातून पाहताना फ्राउनहोफरला पिवळ्या रंगात एक झळझळीत रेषा नेहमी त्याच जागी दिसे. अशी रेषा सूर्यप्रकाशातही असेल काय? १८१४ साली त्याने एका खोलीत पूर्ण अंधार केला. खिडकीच्या झडपेला एक बारीक उभी फट ठेवली. फटीतून येणाऱ्या उन्हाच्या वाटेत, २४ फुटांवर, उत्तम फ्लिंट काचेचा लोलक ठेवला आणि त्यामागे कोन मोजणाऱ्या थिओडोलाइट यंत्राची दुर्बीण लावली. पूर्वी न्यूटनने वर्णपट भिंतीवर पाडून पाहिला होता. फ्राउनहोफर तो दुर्बिणीतून पाहत होता.

त्याला हवी होती ती झळझळीत रेषा दिसली नाही. त्याऐवजी वर्णपटावर असंख्य काळ्या रेषा उभ्या होत्या. काही ठळक, काही केसासारख्या बारीक. आपल्या काचेचाच हा दोष असेल, असे कोणाही भिंगकाराच्या मनात आले असते. म्हणून त्याने फट लहानमोठी करून पाहिली, लोलक बदलला, अंतर बदलले. रेषा होत्या तेथेच राहिल्या. त्या काचेतील नव्हत्या, सूर्यप्रकाशातल्याच होत्या. वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०२ साली अशा मोजक्या रेषा पाहिल्या होत्या. पण त्याने त्यांचा पाठपुरावा केला नाही. फ्राउनहोफरने ५७४ रेषा मोजल्या, त्यांचा नकाशा काढला आणि ठळक रेषांना तांबड्या टोकापासून ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. दिव्यातील पिवळी रेषा ज्या जागी येई, नेमकी त्याच जागी सूर्याच्या वर्णपटात डी नावाची काळी दुहेरी रेषा होती. पुढे त्याने आपली दुर्बीण शुक्राकडे वळविली. त्याच्या प्रकाशातही सूर्याच्याच रेषा आढळल्या, आणि ते योग्यच होते, कारण शुक्राचा प्रकाश हा सूर्याचाच परतलेला प्रकाश. व्याधाच्या ताऱ्यातील रेषा मात्र निराळ्या निघाल्या.

या रेषा का पडतात, हे त्याला उलगडले नाही. परंतु त्याला हवे होते ते मैलाचे दगड सापडले. आता अमुक काचेत डी रेषेचा प्रकाश इतका वाकतो आणि एफ रेषेचा इतका, असे नेमक्या आकड्यांत सांगता येऊ लागले. भिंगाचा बाक भट्टी पेटण्यापूर्वीच कागदावर काढता येऊ लागला.

या ज्ञानाचे फळ म्हणजे डोर्पात येथील दुर्बीण. हे नगर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते एस्टोनिया देशात असून त्याला टार्टू म्हणतात. १८२४ साली तेथे पोहोचलेल्या या दुर्बिणीचे भिंग २४ सेंटीमीटर व्यासाचे आणि नळी ४ मीटरांहून लांब होती. भिंगाची एवढी मोठी व निर्दोष दुर्बीण तोवर कोणी पाहिली नव्हती. आकाश फिरते त्या गतीने दुर्बीणही फिरावी, म्हणून फ्राउनहोफरने तिला घड्याळासारखी यंत्रणा जोडली. त्यामुळे एकदा धरलेला तारा दृष्टीसमोरून निसटत नसे. या दुर्बिणीतून स्ट्रूव्ह या ज्योतिर्विदाने तीन हजारांहून अधिक जोडताऱ्यांची नोंद केली.

कीर्ती पसरली, तरी विद्वानांच्या मेळाव्यात त्याला जागा मिळणे सोपे नव्हते. ज्याने विद्यापीठाचे तोंड पाहिले नाही, तो कारागीर. त्याला शास्त्रज्ञ कसे म्हणावे, असे म्युनिकच्या विज्ञान अकादमीतील काही सभासदांना वाटे. आपली मोजमापे तो मोकळेपणाने प्रसिद्ध करी, पण काच कशी वितळवितो हे मात्र कोणास सांगत नसे. ज्ञान असे झाकून ठेवणे आज आपल्याला खटकते. परंतु त्या संस्थेचे सारे पोट त्या एका गुपितावर चालत होते, हेही विसरून चालणार नाही. अकादमीने त्याला १८१७ साली बाहेरचा सभासद म्हणून घेतले, १८२३ साली आपल्या भौतिक संग्रहाचा प्रमुख नेमले, आणि १८२४ साली राजाने सरदारकी दिली. हा राजा म्हणजे ढिगाऱ्याशेजारी उभा राहिलेला तोच मॅक्सिमिलियन योसेफ.

भट्टीची धग, काचेची धूळ आणि मुळातलीच नाजूक प्रकृती. क्षयरोगाने त्याला गाठले. ७ जून १८२६ रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, फ्राउनहोफरने म्युनिक येथे देह ठेवला. त्याचा सहकारी रायशेनबाख थोड्याच दिवसांपूर्वी वारला होता. दोघांचे दफन शेजारी शेजारी झाले.

काळ्या रेषांचे कोडे १८५९ साली किर्खहोफ याने उकलले. प्रत्येक मूलद्रव्याचा वायू आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश शोषून घेतो. सूर्याच्या वातावरणातील वायूंनी जो प्रकाश अडविला, त्याच्या जागी काळी रेषा उमटते. डी ही सोडियमची रेषा. आपल्या मिठातही सोडियम असते, म्हणून मिठाची चिमूट ज्योतीत टाकली तर ज्योत पिवळी होते.

फ्राउनहोफरने आणखी एक यंत्र हाती घेतले होते. त्यातील सुमारे १६ सेंटीमीटरांचे भिंग मधोमध कापून त्याचे दोन अर्ध एकमेकांवरून सरकतील अशी योजना होती. त्यामुळे दोन ताऱ्यांमधील सूक्ष्म अंतर मोजता येई. त्याच्या मृत्यूनंतर ते पूर्ण होऊन १८२९ साली क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेत बसविण्यात आले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा वर्षभरात किंचित सरकलेला दिसावा, असे ज्योतिषी फार दिवस म्हणत होते. पण ते सरकणे इतके अल्प की कोणाच्याच मापात ते खात्रीने येत नव्हते. या भिंगातून बेसेल याने हंस तारकासमूहातील एका अंधुक ताऱ्याचे सरकणे मोजले आणि १८३८ साली त्याचे अंतर जाहीर केले. तेथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास ११ वर्षांहून अधिक काळ लागतो. सूर्याखेरीज अन्य एखाद्या ताऱ्याचे अंतर विश्वसनीय रीतीने मोजल्याचे जगापुढे आले, ते प्रथम त्या वर्षी. डोर्पातची दुर्बीण तर टार्टूच्या जुन्या वेधशाळेत जपून ठेवलेली असून तेथे जाणाऱ्यास ती पाहता येते.